हेडसेट लावून झेल शिकवताना या चुका टाळा

शाळेत व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारे यंत्र, आला की पावसाळ्यातील शारीरिक शिक्षणाच्या तासांचा प्रश्न कायमचा सुटला, असे शिक्षकाला वाटू लागते. मलाही तसेच वाटले होते. गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका विद्यालयात आठवीच्या मुलांना मी जुलैचे तीन आठवडे वर्गातच आभासी चेंडू झेलायला लावले. गुण रोज वाढत होते. पाऊस उघडल्यावर मैदानात टेनिसचा चेंडू टाकला, तर तो हाताशी पोहोचण्याआधीच बहुतेकांच्या मुठी वळत आणि चेंडू पेरांवर आदळून खाली पडे. त्या खेळात चेंडू जवळ येताच हातात धरायच्या कंट्रोलरचे बटण दाबले की झेल पूर्ण होत असे. खऱ्या झेलात तळवे उघडे ठेवून, चेंडूसोबत हात मागे घेत धक्का जिरवावा लागतो, आणि नेमके तेच मुलांच्या हातांनी कधी केले नव्हते. ती खोड मोडेपर्यंत चतुर्थी आली.

तेव्हापासून पाच मिनिटे हेडसेट आणि लगेच दहा मिनिटे व्हरांड्यात खरा चेंडू, असा माझा शिरस्ता आहे. चेंडूचा मार्ग ओळखणे आणि वेळ साधणे, एवढेच काम मी यंत्राकडे सोपवतो. टेबल टेनिस त्यातल्या त्यात बरे, कारण तिथला खरा चेंडूच अवघ्या २.७ ग्रॅमचा असल्याने हाताची फसगत कमी होते. सुमारे १६० ग्रॅमच्या क्रिकेट चेंडूचा मार कंट्रोलरच्या थरथरीतून कळत नाही. नेम धरून करायच्या फेकीचे अंतर हेडसेटवर शिकवूच नये, कारण त्यातून अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी भासते.

दुसरी चूक उन्हाची. ऑक्टोबरच्या दुपारी एका उत्साही सहकाऱ्याने हेडसेट मैदानाच्या कठड्यावर भिंगे वर करून ठेवला आणि तो हजेरी घ्यायला गेला. भिंगांनी ऊन एकवटून आतल्या पडद्यावर कायमचा डाग पाडला. हेडसेट दाराबाहेर काढण्यापूर्वीच मी भिंगांवर कापड बांधतो, याला लोक हसतात.

भिंगांमधील अंतर प्रत्येक मुलासाठी नव्याने जुळवावे. कंट्रोलरवरची कांडी (जॉयस्टिक) फिरवून आभासी जगात चालण्याचे खेळ नवशिक्यांना देऊ नयेत, त्या खेळांनी मळमळ होते. आणि मळमळणाऱ्या मुलाला "थोडे सोस, सवय होईल" असे सांगणाऱ्याने आधी स्वतः वीस मिनिटे तो खेळ खेळून पाहावा.