वजन कमी करण्याचे इंजेक्शन घेताना

डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळणारे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पोटावर, मांडीवर किंवा दंडावर त्वचेखाली घ्यायचे असते आणि दर वेळी टोचण्याची जागा थोडी बदलायची असते. सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते व डोस साधारण चार-चार आठवड्यांनी वाढवला जातो. घाई केल्यास मळमळ आणि उलट्या मागे लागतात. न वापरलेले पेन (औषध भरलेले, पेनसारखे इंजेक्शन) फ्रिजमध्ये ठेवावे, पण गोठू देऊ नये.

लाभ केवळ वजनकाट्यावर दिसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत, मधुमेह नसलेल्या पण हृदयविकार आणि जादा वजन असलेल्या रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. माझ्या मते या औषधाचे खरे मोल तेच, लग्नसराईपूर्वी चार किलो उतरवणे नव्हे.

चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून भूक नसली तरी ताटातली उसळ, अंडे किंवा पनीर आधी संपवावे, भात मागाहून. गर्भधारणेचा विचार असल्यास, किंवा घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कर्करोग (थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाचा एक दुर्मिळ प्रकार) झालेला असल्यास, ते आधीच सांगावे. औषध थांबवल्यावर वजन बहुधा परत चढते, त्यामुळे ते किती काळ घ्यायचे हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.