विण्याआधी तीन आठवडे, विल्यावर तीन आठवडे: गाईला बायपास मेथिओनीन कसं द्यावं

मुरबाड-शहापूरकडच्या गोठ्यांत गव्हाणीत वर्षातला बराच काळ एकच वैरण दिसते, भाताचा पेंढा. त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. त्यात गाय आटली की 'आता दूध नाही, कशाला खुराक' म्हणून तिची पेंडही तोडतात. नेमकं त्याच दिवसांत पोटातलं वासरू झपाट्याने वाढतं, कासेत चीक तयार होतो आणि गाईची भूक मात्र उतरत जाते. माझ्या एका संकरित गाईची वार (विल्यावर बाहेर पडणारी जार) दोन दिवस पडली नव्हती. पुढे ती इतकी खंगली की माजावर यायला कित्येक महिने लागले. तेव्हापासून विण्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन असे हे सहा आठवडे मी वहीत लिहून पाळतो, आणि त्यात बायपास मेथिओनीनची पावडर देतो. मेथिओनीन हे एक अमिनो आम्ल, आणि बायपास म्हणजे आवरणामुळे पोटातल्या जीवाणूंपासून वाचून आतड्यात पोचणारं.

प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. त्यातला कुठलाही एक मणी कमी पडला की बाकीचे असूनही माळ अडते. दुभत्या गाईत बहुतेक वेळा आधी अडतात मेथिओनीन आणि लायसीन. मेथिओनीनचं काम दुधापुरतं नाही. विल्यावर गाय खाते त्यापेक्षा जास्त ताकद दुधावाटे घालवते, मग अंगावरची चरबी वितळून यकृतात येते. ती यकृतातून पुढे पाठवायला मेथिओनीन लागतं. ती चरबी तिथेच साठली की किटोसिस (रक्तात किटोन वाढून गाय मरगळते तो आजार) आणि खाणं सुटणं सुरू होतं.

आधी तारीख काढा. संकरित गाय रेतनानंतर साधारण २८० दिवसांनी विते. म्हणजे २६० व्या दिवसाच्या आसपास सुरुवात करायची. रेतनाची तारीख लिहून ठेवली नसेल तर डॉक्टरांकडून गाभ तपासून अंदाज घ्या.

मग पाया नीट करा, कारण पाया कच्चा असेल तर महागडी पावडर वाया जाते. गाईला लागणाऱ्या अमिनो आम्लांचा मोठा वाटा तिच्या पोटातले जीवाणूच तयार करतात, आणि त्यांना हिरवा चारा व दाणा लागतो. बांधावर नेपियर गवत असेल तर पेंढ्याबरोबर कापून घाला. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवत दोन-अडीच किलोवर आणा. पेंड एकाच प्रकारची नको. सोयाबीनच्या पेंडीत लायसीन भरपूर पण मेथिओनीन कमी, तिळाच्या पेंडीत नेमकं उलट, म्हणून दोन्ही मिसळलेल्या बऱ्या. शेंगदाणा पेंडीत दोन्ही बेताचीच, आणि आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी लागते. कुबट वास आला तर ती गाभण गाईला मुळीच घालू नका. खुराकात मका आणि मक्याचं ग्लुटेन जास्त असेल तर कमी पडतं ते लायसीन. तेव्हा डॉक्टरांना विचारून बायपास लायसीनही द्या.

आता खरेदी. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते साधं मेथिओनीन स्वस्त मिळतं, पण गाईच्या पोटातले जीवाणू ते आतड्यात पोचण्याआधीच मोडून टाकतात. गाईसाठी आवरण असलेलं, म्हणजे बायपास मेथिओनीनच घ्या. संशोधनात वापरलेलं प्रमाण साधारणपणे गाईच्या कोरड्या खाद्याच्या (चाऱ्या-खुराकातलं पाणी वगळून उरतं त्याच्या) ०.०९ ते ०.१ टक्का आहे, म्हणजे दहा किलो कोरडं खाणाऱ्या गाईला दिवसाला नऊ-दहा ग्रॅम. पण प्रत्येक उत्पादनात मेथिओनीन कमी-जास्त असतं, म्हणून पाकिटावरचं प्रमाण पाळा. 'जास्त दिलं तर जास्त दूध' हा हिशेब इथे चालत नाही. जास्त मेथिओनीनने गाय खाणं कमी करते.

देताना होणारी चूक मी स्वतः केली आहे आणि आजूबाजूच्या गोठ्यांत रोज पाहतो. आपल्याकडे आंबोण (पाण्यात कालवलेला खुराक) रात्रभर भिजवतात किंवा गरम पाण्यात कालवून देतात. त्यात ही पावडर मिसळली की आवरण सुटू शकतं आणि मेथिओनीन पुन्हा जीवाणूंच्या तोंडी जातं. या पावडरीचे दाणे कुटू नका, दळू नका. मूठभर कोरड्या पेंडीत कालवून सकाळच्या खुराकाआधी गाईसमोर धरा, तिने ते पूर्ण चाटलेलं बघा, मग बाकीचं आंबोण द्या. पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडं पाकीट टिकत नाही.

विण्याच्या दिवशीही खंड पाडू नका, पुढचे तीन आठवडे तेच प्रमाण ठेवा. दूध वाढतं तसा खुराक वाढवा, पण एकदम ढीग घातला तर पोट आंबेल. विण्याआधी चुन्याची पावडर किंवा कॅल्शियम मनाने पाजू नका. त्याने दुग्धज्वराचा (विल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय बसते त्या आजाराचा) धोका वाढतो.

परिणाम बघायचा तर लिटरवर लगेच नजर लावू नका. गाय गव्हाण रिकामी करते का, रवंथ करते का, वार बारा तासांत पडली का, हे वहीत लिहा. संकलन केंद्रावर दुधातल्या प्रथिनांचा आकडा मिळत असेल तर तोही लिहा, बदल बहुधा तिथे आधी दिसतो. वार चोवीस तासांत पडली नाही, गाय उठेना किंवा खाणं सोडलं, तर पावडरीवर विसंबू नका. वार हाताने ओढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. तो मी गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे.