‘सालीर’चा अर्थ लावताना या चुका टाळा

लॅटिनपासून निघालेल्या भाषांना रोमान्स भाषा म्हणतात. त्यांतली एखादी येत असली की तिच्या बहिणींतले शब्द अंदाजाने लावण्याची सवय जडते, आणि पुष्कळदा तो अंदाज खराही ठरतो. मात्र लॅटिनमधील ‘सालीरे’, म्हणजे उडी मारणे, या क्रियापदाच्या वंशजांपुढे ही सवय हमखास फसते. रोमानियनच्या ‘सरी’ने उडीचा मूळ अर्थ जपला, इटालियन ‘सालीरे’ चढण्याकडे वळले, तर स्पॅनिश ‘सालीर’ आणि पोर्तुगीज ‘साईर’ यांना बाहेर पडण्याचा अर्थ आला.

चुकीचा फटका सर्वाधिक बसतो तो पाट्या वाचताना. स्पेनमधील ‘सालिदा’ म्हणजे बाहेर जाण्याची वाट. इटलीत मात्र बसच्या दारावर ‘सालिता’ लिहिले असेल, तर तेथून चढायचे असते आणि उतरण्यासाठी ‘उशिता’ शोधायचे असते. ‘साल्गो’ हे रूप तर दोन्ही भाषांत एकच आहे : स्पॅनिशमध्ये ‘मी बाहेर पडतो’, इटालियनमध्ये ‘मी चढतो’. इटालियन माणूस रेल्वेतही ‘चढतो’, आपणही चढतोच. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हा अर्थ चटकन पटतो आणि तोच तो स्पॅनिशवर लादतो.

फ्रेंच ‘सालीर’ला या घराण्यात मुळीच धरू नये. त्याचा अर्थ मळवणे असा असून ते ज्या ‘साल’, म्हणजे मळकट, या विशेषणापासून बनले, ते जर्मेनिक कुळातील फ्रँकिश भाषेतून आले आहे. बाहेर पडण्यासाठी फ्रेंचमध्ये ‘सोर्तीर’ म्हणतात.

झामेनहोफ यांनी 1887 मध्ये वॉर्सात प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत ‘सालि’ म्हणजे मीठ घालणे. उडी मारणे म्हणजे ‘साल्ति’, आणि बाहेर पडण्यासाठी ‘एल’ (मधून) व ‘इरि’ (जाणे) जोडून ‘एलिरि’ केले आहे. मळवण्यासाठी ‘मालपुरिगि’ आहे, आणि येथे आणखी एक चूक दबा धरून असते : फ्रेंच-स्पॅनिशच्या ओळखीमुळे ‘माल’ म्हणजे वाईट असे वाटते, पण एस्पेरांतोत तो केवळ उलट अर्थ दाखवणारा उपसर्ग आहे. ‘ग्रांदा’ म्हणजे मोठा, म्हणून ‘मालग्रांदा’ म्हणजे लहान. त्यात वाईट काहीच नाही.

मिठाचा घोळ इतरत्रही आहे. इटालियन ‘साले’ म्हणजे मीठ आणि ‘तो चढतो’, तर रोमानियन ‘सारे’ म्हणजे मीठ आणि ‘तो उडी मारतो’. इटालियनमध्ये आधी ‘इल’ हे उपपद (इंग्रजी ‘द’सारखे) आले, तर ते मीठ समजावे. रोमानियनमध्ये उपपद नामाच्या शेवटी चिकटते, तेव्हा ‘सारेआ’ दिसले की ते मीठच.