गॅस ओव्हन पेटत नाही? नवीन पिन आणायच्या आधी या चुका टाळा

माझं घरगुती केकचं काम कोल्हापुरात राजारामपुरीत, सगळा भार एका गॅस ओव्हनवर. गेल्या जुलैमध्ये ऐन ऑर्डरच्या दिवशी ओव्हनचा बर्नर पेटेना. बटण दाबलं की टकटक आवाज येतोय, वरचे चारी बर्नर पेटतायत, फक्त ओव्हन नाही. मेकॅनिक आला, दोन मिनिटं बघितलं न् म्हणाला, "ताई, स्पार्कचा बॉक्स गेलाय." बदलला, पैसे दिले, आणि दोन दिवसांनी परत तेच रडगाणं. मग रात्री मीच बसले. सिलिंडर बंद, ओव्हन गार, तळाचा पत्रा काढला, स्वयंपाकघरातली लाईट घालवली आणि बटण दाबलं. ठिणगी पडत होती की! पण पिनेच्या, म्हणजे बर्नरशेजारी ठिणगी पाडणाऱ्या सळईच्या, टोकाला नाही, मधेच, पांढऱ्या सिरॅमिकच्या पोटातून निळी रेघ थेट बाजूच्या पत्र्यावर. चहाच्या कपाला जशी केसाएवढी चीर जाते ना, तशी चीर होती, दिवसा उजेडात दिसलीच नसती.

म्हणून हे सगळं लिहितेय, कारण दिवाळीच्या तोंडावर नानकटाईचं पीठ मळून ठेवलेलं असताना ओव्हनने दगा दिला की काय होतं ते मला माहितीय.

आधी सगळ्यात वाईट चूक सांगते. ठिणगी पडत नाही म्हणून नॉब उघडाच ठेवून काडेपेटी शोधायला जायचं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, ओव्हनच्या डब्यात तळाला साठून राहतो आणि मग काडी ओढली की भप्प! आमच्या शेजारच्या वहिनींच्या भुवया आणि पुढचे केस असेच गेले, नशीब डोळे वाचले. पाच-सात सेकंदात पेटला नाही तर नॉब बंद, ओव्हनचं दार सताड उघडं, खिडकी उघडी आणि पाच मिनिटं थांबा, कितीही घाई असली तरी. खोलीत वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, पंख्या-लाईटच्या बटणाला हात लावू नका, चालू पण नको आणि बंद पण नको. तरी वास जात नसेल तर घराबाहेर येऊन १९०६ ला फोन लावा, गॅस गळतीसाठीचाच नंबर आहे तो.

दुसरी चूक म्हणजे कशाचंही खापर पिनेवर फोडायचं. नॉब दाबून धरलाय तोवर बर्नर जळतोय आणि सोडला की विझतोय, असं होत असेल तर पिनेचा काही संबंध नाही, तो थर्मोकपलचा घोळ. थर्मोकपल म्हणजे ज्वाळेत टोक असलेली तांब्याची बारीक नळी, टोक तापलं की थोडीशी वीज तयार होते आणि त्या विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. टोकावर काजळी बसली, टोक ज्वाळेतून सरकलं, किंवा मागचा नट ढिला झाला की व्हॉल्व्ह मिटतो. आधी बारीक पॉलिश पेपरने टोक घासून बघा. आणि पेटल्यावर दहा-पंधरा सेकंद नॉब दाबून धरायचा असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, लगेच सोडतात आणि ओव्हन बिघडला म्हणतात.

टकटकच येत नसेल तर आधी प्लग बघा, सेलवर चालणारा असेल तर सेल बदला. टकटक येतेय, ठिणगीपण टोकालाच पडतेय, तरी पेटत नाही, मग गॅस येतोय का ते बघा, जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर येतो त्या बारीक भोकात, कचरा किंवा सिलिंडर संपत आलेला, दोन्ही असू शकतं. पिनेचं टोक आणि बर्नर यात साधारण तीन ते पाच मिलिमीटर अंतर पाहिजे. भांडं ठेवताना धक्का लागून पिन वाकते आणि अंतर वाढतं, लई वेळा एवढंच असतं. टोकावर तूप-साखरेचा जळका थर असेल तर सुक्या टूथब्रशने साफ करा.

आपल्याकडच्या पावसात अजून एक होतं, जून ते ऑगस्ट भिंतीसुद्धा ओल्या लागतात. नॉबखालच्या स्विचमध्ये ओल गेली किंवा ओल्या फडक्याने पुसताना पाणी गेलं की टकटक थांबतच नाही. प्लग काढा आणि रात्रभर सुकू द्या, नवीन काही आणू नका. जुन्या घरात अर्थिंग नसतं तेही तपासून घ्या. बेकरीचे मोठे डेक ओव्हन ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर नक्कीच, कारण ज्वाळा ओळखणारा कंट्रोलर अर्थिंगशिवाय नीट चालत नाही, पेटून लगेच बंद पडतो.

यूट्यूबचा घोळ वेगळाच. तिथले बरेच व्हिडिओ अमेरिकेतल्या ओव्हनचे. त्यातल्या बहुतेकांत ठिणगी नसते, सिलिकॉन कार्बाइडची एक कांडी लाल तापते आणि तिच्यातून पुरेसा करंट गेला तरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिचा ओव्हन तापत नव्हता, व्हिडिओ कॉलवर मला दाखवते, "अगं, कांडी तर लालभडक होतेय, मग?" लाल होतेय म्हणजे चांगली आहे असं नसतं. जुनी कांडी लाल होते पण करंट कमी ओढते. त्यांच्याकडच्या चपट्या कांडीला ३.२ ते ३.६ अँपिअर लागतात, त्याखाली गेलं की व्हॉल्व्ह उघडत नाही नाहीतर उशिरा उघडतो. शिवाय ते १२० व्होल्टवर चालतं, आपल्याकडे २३०. तेव्हा तुमच्यात ठिणगी आहे की कांडी हे आधी बघा, मगच व्हिडिओ लावा.

आता पिन खरंच गेली असेल तर. रेग्युलेटर बंद, प्लग भिंतीतून काढलेला, ओव्हन पूर्ण गार. मोबाईलवर दोन-चार फोटो काढून ठेवा. तळाचा पत्रा काढला की पिन बहुतेक एका स्क्रूवर असते. जुनी पिन घेऊनच दुकानात जा, लांबी, पट्टी आणि वायरचं टोक सेम पाहिजे, "तसलीच द्या" म्हणून आणलेली माझी पहिली पिन अर्धा इंच आखूड निघाली. स्क्रू बेताने आवळा, जोर लावला की नवीन सिरॅमिक तिथल्या तिथे तडकतं. वायर आखूड पडली म्हणून साधी वायर जोडून टेप गुंडाळू नका, हजारो व्होल्टची ठिणगी टेपमधून बाहेर पडते, पिनेपर्यंत जातच नाही.

काम करताना गॅसची नळी किंवा नट हलला असेल तर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडा आला तर पेटवायचं नाही, गॅसवाल्याला बोलवा. नसेल तर आधी गॅस बंद ठेवूनच अंधारात ठिणगी बघा, टोकाला पडतेय ना. मग पेटवा, बंद करा, दोन मिनिटं थांबून परत पेटवा, असं चार-पाच वेळा. नंतर अर्धा तास पूर्ण तापवून परत एकदा बघा, कारण एखादी चीर गार असताना गप्प असते, तापल्यावरच दगा देते.