उन्हाळ कांद्याची काढणी: टोळीच्या पाण्याचं नियोजन

डिसेंबर-जानेवारीत लावलेला कांदा ११० ते १२० दिवसांनी माना टाकतो (पात मानेत वाकून आडवी पडते), म्हणजे काढणी येते ती एप्रिल-मेच्या ऐन उन्हात. टिकाऊ माल हवा म्हणून काढणीआधी दोन-तीन आठवडे आपण पाणी तोडतो. कांद्यासाठी ते बरोबरच आहे, पण त्यामुळे ज्या दिवशी मजुरांची टोळी शेतात उतरते त्या दिवशी मोटार बंद असते, पाट कोरडा असतो आणि सावली म्हणाल तर बांधावरचं एखादं बाभळीचं झाड. बायका उकिडव्या बसून कांदा उपटतात. तापलेली जमीन चेहऱ्यापासून दीड हातावर असते, तिची धग खालून लागते आणि ऊन वरून. त्यात काम उक्तं. एकराचा दर ठरलेला, त्यामुळे पाण्यासाठी बांधापर्यंत जाऊन यायची दहा मिनिटं कुणालाच परवडत नाहीत. तहान मारत काम चालू राहतं आणि अकराच्या सुमाराला कुणाला तरी चक्कर येते.

तहान लागेपर्यंत अंगातलं बरंच पाणी गेलेलं असतं. म्हणून ‘लागेल तेव्हा प्या’ एवढं सांगून चालत नाही. टोळीचं पाणी हा काढणीच्या नियोजनाचा भाग आहे. गोण्या आणि ट्रॅक्टर ठरवतानाच तेही ठरवायचं, आणि ते ठरवायची जबाबदारी ज्याचं शेत त्याची.

हिशेब किती लिटरचा

उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाला दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिली पाणी लागतं. तासाला पाऊण लिटर धरा. बारा जणांची टोळी सकाळी सव्वासहा ते पावणेअकरा काम करणार असेल तर माणशी जवळजवळ साडेतीन लिटर, सगळ्यांचं मिळून ४० लिटर. संध्याकाळी अडीच तास पात कापायची असेल तर आणखी २२-२३ लिटर. जेवणाचं आणि हात-तोंड धुण्याचं वेगळं. म्हणजे दिवसाला वीस लिटरचे चार जार लागतात. बहुतेक ठिकाणी दोनच येतात आणि दहालाच तळ गाठतात.

उलट टोकही टाळा. तासाला दीड लिटरच्या वर पाणी पोटात जाऊ देऊ नका. घामावाटे मीठ जात असताना नुसतंच पाणी भरपूर प्यायलं तर रक्तातलं मिठाचं प्रमाण उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजल्यासारखी होतात. ऊन लागलं समजून त्या माणसाला आणखी पाणी पाजलं जातं आणि त्रास वाढतो.

मालेगाव, येवला, नांदगाव भागातल्या कोरड्या उन्हात घाम अंगावर दिसतच नाही, येताक्षणी उडून जातो. त्यामुळे आपल्याला घाम येत नाही असा समज होतो. सदऱ्याच्या पाठीवर, काखेजवळ पांढरे पट्टे उमटलेले पाहा. ते घामातून गेलेलं मीठ आहे. नेमकं मोजायचं असेल तर कांदा तोलायचा काटा शेतात असतोच. कामाआधी आणि कामानंतर वजन करा. एक किलो घटलं तर एक लिटर पाणी भरून निघालेलं नाही. पन्नास किलोच्या बाईचं वजन किलोभर उतरलं असेल तर टोळीला पाणी कमी पडतं आहे, हे नक्की. लघवीचा रंगही तेच सांगतो: फिकट पिवळा ठीक, गडद पिवळा किंवा चहासारखा झाला तर काम थांबवायचं.

पाणी वाफ्यापर्यंत आलं पाहिजे

टोळी पुढे सरकते तसं पाणीही सरकायला हवं. टोळीतल्याच एका व्यक्तीला पाणी वाटण्याचं काम द्या आणि तिचा हिस्सा पुरा द्या, नाहीतर तीही उपटायला बसेल. दर वीस मिनिटांनी तिने सगळ्यांना पेला द्यायचा, तहान असो वा नसो. तोंडात तंबाखू किंवा मिश्री असली की पाण्याची पाळी हमखास चुकते, तिथे जरा आग्रह धरावा लागतो. कामाला हात घालण्याआधीच दोन पेले पाणी पोटात हवं. कोऱ्या चहावर सुरुवात करून नऊपर्यंत उपाशी राहणं ही टोळ्यांची जुनी सवय आहे. सकाळी अर्धी भाकरी तरी खाऊन निघायला सांगा.

जार उघड्या उन्हात ठेवला तर तासाभरात पाणी पिववत नाही आणि माणसं आपोआप कमी पितात. जारभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, वर क्रेट किंवा छत्रीची सावली करा, दर तासाला गोणपाट भिजवा. माठ असेल तर उत्तमच. पाणी काढायला दांड्याचा डाव ठेवा, सगळ्यांचे हात जारात जाता कामा नयेत.

पाणी कुठून भरता याकडेही लक्ष द्या. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि पाणी गढूळ होतं. ते आधी गाळून आणि मग उकळून किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकूनच वापरा. टोळीत एकाला जुलाब लागले की उन्हापेक्षा वेगाने पाणी जातं. ठिबकच्या नळीचं पाणी पिऊ नका, त्यात व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत मिसळणाऱ्या जोडणीतून) सोडलेल्या खताचा अंश असतो. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन कितीही वेळा धुतला असला तरी पिण्याच्या पाण्याला कधीच लावू नका. बर्फ घालायचा तर खाण्याचाच घ्या. निळसर बर्फ माल थंड ठेवण्यासाठी असतो, पोटात जाण्यासाठी नाही.

ताक, पन्हं आणि ओआरएस

सकाळच्या साडेचार तासांत दोनदा तरी मीठ असलेलं काही पोटात जायला हवं. सगळ्यात सोपं ताक. एक लिटर दह्याचं चार-पाच लिटर पातळ ताक होतं. लिटरला अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ घाला, जिरं आवडीप्रमाणे. बारा जणांना माणशी दोन पेले द्यायचे तर पाच-साडेपाच लिटर लागेल. स्टीलच्या बरणीत, ओल्या फडक्यात ठेवा आणि तीन-चार तासांत संपवा. कैरीचं पन्हं, लिंबाचं सरबत, ज्वारीची आंबील हेही चालतं, फक्त मीठ विसरू नका. डब्यातली भाकरी, ठेचा, लोणचं यातूनही मीठ मिळतं, म्हणून मजुरांनी जेवण टाळता कामा नये. मिठाच्या गोळ्या किंवा मूठभर मीठ खाऊ नये. बाटलीतल्या थंड पेयांत साखरच साखर असते, त्याने भागत नाही.

ज्याला गळून गेल्यासारखं वाटतं, पायात गोळे येतात किंवा जुलाब-उलट्या होत आहेत, त्याच्यासाठी ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं असतं. अर्धं पाकीट पेल्यात ढवळून देण्याची पद्धत चुकीची आहे. दाट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. लिटरची खूण असलेली बाटली शेतावर ठेवा म्हणजे अंदाज करावा लागणार नाही. केलेलं द्रावण २४ तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करूनच घ्या. मूत्रपिंडाचा, हृदयाचा विकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी मीठ किती घ्यायचं ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं.

कामाच्या वेळा

काढणीत दोन कामं असतात आणि दोन्ही उन्हातच करायला हवीत असं नाही. उपटणी शेतातच होणार, ती सूर्योदयापासून पावणेअकरापर्यंत उरका. उपटलेला कांदा तीन-चार दिवस सुकवताना पुढच्या ओळीची पात मागच्या कांद्यावर येईल असा पसरा. नाहीतर उन्हाने कांदाही चटकतो. पात कापणं मात्र सावलीत आणता येतं. चार बांबू रोवून वर शेडनेट बांधा, चारी बाजू उघड्या ठेवा आणि खाली बसून संध्याकाळी चारनंतर कापा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कापायला बसवू नका, वारा नसलेल्या शेडमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं.

हवामान विभाग मैदानी भागात पारा ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की उष्णतेची लाट धरतो. मेघदूत ॲपवर जिल्ह्याचा शेती-हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो पाहून टोळीचा दिवस ठरवा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर काम सकाळी दहालाच थांबवा. माना पडलेला कांदा एक-दोन दिवस थांबू शकतो.

नवीन माणसाला पहिल्याच दिवशी पुऱ्या कामाला लावू नका. अंगाला ऊन सोसायची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि आठवडाभर काम सुटलं की ती सवय मोडायला लागते. डोंगरी भागातून आलेले मजूर, कारखान्यातून सुट्टीवर आलेला भाऊ, कॉलेज संपवून घरी आलेली मुलं यांना पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या भागाएवढंच काम, मग रोज तेवढंच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. सर्वांत आधी पडतो तो बहुतेक वेळा टोळीतला धडधाकट, हट्टी आणि नवा माणूस.

बायका पाणी कमी पितात याचं एक कारण कुणी बोलून दाखवत नाही: शेतात लघवीला आडोसा नसतो. कांद्याच्या शेतात तर उभं पीकही नाही. टोळी यायच्या आधी बांधाच्या कडेला चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा उभा करा, आत एक बादली पाणी ठेवा. एवढं केलं की त्या पाणी पितात. लघवी रोखून धरल्याने होणारा जंतुसंसर्ग आणि कमी पाण्याने होणारा मुतखडा, दोन्हींवर हा उपाय आहे.

कंबर-गुडघे दुखतात म्हणून दुपारी अंगदुखीची गोळी घेऊन पुन्हा वाफ्यात बसणं फार धोक्याचं आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करतात. रक्तदाबावरची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखी जपा; ती मनाने बंद करू नका, पण उन्हाळ्यात डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. बांधावर झोळीत ठेवलेल्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी देऊ नका. आईला दर तासाला उठून अंगावर पाजू द्या आणि आईचं पाणी वाढवा.

माणूस पडला तर

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, ओलसर गार कातडी ही उष्णतेच्या थकव्याची लक्षणं. सावलीत झोपवा, पाय थोडे उंच करा, घट्ट कपडे सैल करा, ओआरएसचे घोट द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना गाठा.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटका आला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजा. अंग कोरडंच असेल असं नाही. काम करता करता उष्माघात झालेल्याला घामही येत असतो, त्यावर विसंबू नका. १०८ ला फोन करा, एक माणूस फाट्यावर उभा करा, आणि गाडी येईपर्यंत अंग थंड करत राहा. इथे मिनिटं महत्त्वाची आहेत.

कांदा झाकायची ताडपत्री या वेळी उपयोगी पडते. तिच्यावर माणसाला झोपवा, चारपाच जणांनी कडा उचलून खोळ करा, डोकं वर धरा आणि खोळीत पाणी ओता, मिळाला तर बर्फही टाका. पाणी अंगावरून हलत राहील असं बघा. ताडपत्री नसेल तर डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहा आणि वारा घाला. मान, काख आणि जांघेत बर्फाची पुरचुंडी ठेवा. काळ्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देण्याइतकं तापलेलं असतं, ते आधी सोडून द्या. शिवाय नेमक्या त्या वेळी शेतीची वीज असेलच असं नाही, म्हणून काढणीच्या दिवसांत २०० लिटरचा भरलेला ड्रम सावलीत हवाच. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. माणूस नीट बोलू लागला किंवा थरथरू लागला की पाणी ओतणं थांबवा, तरीही दवाखान्यात न्याच.

शेजारच्या टोमॅटो-मिरचीवर फवारणी चालू असेल आणि पडलेल्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक झाल्या असतील, तर विषबाधेची शंका घ्या. कपडे काढून अंग साबणाने धुवा, स्वतः हातमोजे घाला आणि औषधाचा डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवा.

साध्या थकव्यानंतर बरं वाटलं तरी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उन्हात काम नको. उष्माघातातून उठलेल्याने डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय शेतात उतरू नये. तो परत येईल तेव्हा त्याला सावलीतली पात कापायला बसवा.