हँडबुकातलं 'ॲट-विल' कलम : काय खोडायचं, काय ठेवायचं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातल्या लहान कारखान्यांना मी कर्मचारी हँडबुक तयार करून देते. परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट ठरलं की मालक कुठून तरी अमेरिकन हँडबुक मिळवतात, कंपनीचं नाव बदलतात आणि "मॅडम, एकदा नजर टाका" म्हणून पाठवतात. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असतं: ही नोकरी 'ॲट-विल' आहे, कंपनी कारण न देता, नोटीस न देता ती कधीही संपवू शकते.

हे वाक्य आधी खोडा.

अमेरिकेत त्याला आधार आहे. मोंटाना सोडलं तर तिथल्या राज्यांत मूळ नियमच तो आहे, भेदभावासारखे अपवाद वगळून. पण १९८० साली मिशिगनच्या आणि १९८५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हँडबुकात 'योग्य कारणाशिवाय काढणार नाही' असं लिहिलं असेल तर ते कंपनीवर बंधनकारक ठरू शकतं. मग 'हे हँडबुक करार नाही, नोकरी ॲट-विलच आहे' असा स्पष्ट, ठळक खुलासा छापायचा आग्रह तिथल्या वकिलांनी धरला. ते दुखणं तिथलं, औषधही तिथलंच.

आपल्याकडे कायद्याने दिलेला हक्क हँडबुकातल्या एका ओळीने जात नाही. वर्षभरात २४० दिवस भरलेल्या कामगाराला नोकरकपातीत (म्हणजे त्याची चूक नसताना) कमी करायचं, तर कारण लिहिलेली एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये हे होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. गैरवर्तनाची गोष्ट वेगळी: तिथे चार्जशीट, खुलाशाची संधी आणि चौकशी लागते. चौकशी चालू असताना निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता द्यायचा.

'कामगार' कोण, हे पदनामावर ठरवू नका. लाइनवर दिवसभर हाताने काम करणाऱ्याला 'ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह' म्हटल्याने तो मॅनेजर होत नाही. खऱ्या व्यवस्थापकांचं गणित वेगळं असतं. त्यांच्यासाठी मुख्यतः अपॉइंटमेंट लेटरमधली नोटीस पाहिली जाते, म्हणून ती तिथे आकड्यात लिहा.

त्या अमेरिकन परिच्छेदात दुसरंही एक वाक्य असतं: हे हँडबुक म्हणजे करार नाही. ते ठेवता येतं, पण मर्यादा घालून. मी असं लिहिते:

"हे पुस्तक माहितीसाठी आहे. नोकरीच्या अटी अपॉइंटमेंट लेटर, लागू स्थायी आदेश (कारखान्याचे प्रमाणित सेवा-नियम) आणि कायदा यांनुसार राहतील. या पुस्तकातलं काही त्यांच्याशी विसंगत असेल, तर कायदा मानला जाईल."

आणि नोकरी संपण्याच्या कलमात:

"नोकरकपात करताना कायद्यानुसार नोटीस व भरपाई दिली जाईल. गैरवर्तनाच्या आरोपावर कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला काढलं जाणार नाही."

मालक दुसऱ्या वाक्याला बिचकतात. "असं लिहिलं तर हात बांधले जातील." हात कायद्याने आधीच बांधलेले आहेत. आणि 'कधीही काढू' असं छापलेलं पान पुढे लेबर कोर्टात कामगाराचा वकील दाखवतो, तेव्हा कंपनीची वृत्तीच तिथे लेखी सापडते.

मला जास्त काळजी वाचणाऱ्याची वाटते. बीड, जालन्याकडून आलेली पोरं, असेंब्लीवरच्या बाया टाइम ऑफिसात उभ्या उभ्या सही करतात. 'कधीही' हा शब्द एकदा नजरेखालून गेला की खरोखर काढल्यावर ही माणसं हिशेबही मागायला येत नाहीत, मुकाट गावी जातात. त्यांचे हक्काचे पैसे राहून जातात ते असे.

म्हणून हँडबुक मराठीतही छापा. पोच पावतीवर "मिळालं, वाचलं" एवढंच असू द्या. "सर्व अटी मान्य, कोणताही हक्क सांगणार नाही" ही ओळ काढून टाका. सही घेण्याआधी दोन-तीन दिवस पुस्तक घरी नेऊ द्या, आणि सही झालेल्या पावतीची एक प्रत कामगाराच्या हातात द्या.