तबेर्नासचे काउबॉय सेट: आधी मागची बाजू बघा

मी नाटकांचे सेट उभारतो. त्यामुळे भिंत दिसली की तिला मागून टेकू कशाचा दिलाय हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. स्पेनमधल्या तबेर्नासच्या वाळवंटात वेस्टर्न सिनेमांचे जुने सेट बघायला जाणार असाल, तर तुम्हीही हीच नजर घेऊन जा. तिथे पर्यटकांसाठी होणारा गोळीबाराचा खेळ सगळेच बघतात. खरी गंमत फळ्यांच्या मागे आहे.

जागा आल्मेरिया शहरापासून उत्तरेला, गाडीने साधारण अर्ध्या तासावर. भाड्याची गाडी घ्याच, कारण सेट एकमेकांपासून लांब आहेत आणि मधल्या उजाड रस्त्यावर सावलीला झाड नाही. साठच्या दशकात इटालियन दिग्दर्शक इथे आले ते उगाच नाही. उघड्या टेकड्या, कोरडे ओढे, वर्षभर लख्ख ऊन आणि अमेरिकेच्या मानाने कितीतरी कमी खर्च.

दोन जागा मुख्य. पहिली ओअसिस मिनीहॉलिवुड. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या १९६५च्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी सेट-डिझायनर कार्लो सिमीने उभारलेलं गाव ते हेच. सिनेमातली बँकेची इमारत लगेच ओळखू येते. आता आत प्राणिसंग्रहालयही आहे, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर अख्खा दिवस इथेच जातो. दुसरी जागा फोर्ट ब्राव्हो. इथे अमेरिकन गाव, मेक्सिकन वस्ती आणि किल्ला असं सगळं आहे, आणि अजूनही शूटिंग होतं. जरा विस्कटलेली, धुळीची जागा आहे. एकच बघायची असेल तर माझं मत फोर्ट ब्राव्होला.

दार उघडताच आत शिरा. गर्दी सलूनकडे, म्हणजे काउबॉय सिनेमातल्या दारूच्या गुत्त्याकडे वळते, तेव्हा तुम्ही जिथे जायला मनाई नाही अशा गल्लीतून घरांच्या पाठीमागे जा. पुढून दोन मजली दिसणारं घर मागून नुसता दर्शनी भाग असतं, तिरक्या वाशांवर तोललेलं. मी एका वाशापाशी बराच वेळ उभा होतो. जुनं लाकूड उन्हाने राखाडी होऊन उभं चिरलेलं, खिळ्यांभोवती गंजाचे तपकिरी ओघळ, आणि त्याला खेटून पिवळ्या, कोऱ्या लाकडाचा नवा टेकू. कुणीतरी नुकताच ठोकलेला. हे सेट काही महिन्यांच्या शूटिंगपुरते बांधले होते. ते आज उभे आहेत ते असे टेकू लावत राहणाऱ्या हातांमुळे. ते बघून माझा ऊर भरून आला. म्हणूनच सांगतो, कठड्यांवर रेलू नका, फळ्यांवर नावं कोरू नका.

मग खेळाला या. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि हिवाळ्यात कमी होतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. बंदुकीतून रिकामे बारच उडतात, पण दोन्ही बाजूंच्या घरांमुळे आवाज फार घुमतो. लहान मूल असेल तर मागे, मोकळ्या बाजूला उभे राहा. घोड्यावरून पडणाऱ्याकडे नीट लक्ष द्या: तो खांद्यावर येतो, लोळण घेतो आणि त्याच झटक्यात घोड्याच्या वाटेतून बाजूला होतो. यामागे वर्षांची मेहनत असते. टाळ्या मनापासून वाजवा.

उन्हाबद्दल एक महत्त्वाचं. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दोन वाजून गेल्यावर, आणि चार-पाचपर्यंत नुसती भट्टी असते. "संध्याकाळी चारला निवांत जाऊ" हा आपला हिशोब तिथे चालत नाही. मी जुलैत तसाच गेलो आणि तासाभरात डोकं धरून सावलीत बसलो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि बंद बूट हवेतच. आजूबाजूच्या कोरड्या ओढ्यांना तिथे 'रांब्ला' म्हणतात. चालायला छान, पण आभाळ भरून आलं तर आत उतरू नका. पाऊस क्वचित येतो, पण आला की लोंढाच येतो.

फोर्ट ब्राव्होत लाकडी केबिनमध्ये मुक्काम करता येतो. जमलं तर एक रात्र राहा आणि अंगावर घ्यायला गरम कपडे ठेवा, वाळवंट रात्री झपाट्याने गार होतं. सकाळी पर्यटक यायच्या आत रस्त्यावर या. ऊन तिरपं पडतं, फळ्याफळ्यांमधली फट न् फट दिसते, आणि फोटोही तेव्हाच काढा.